घोड्यांचं पुढं काय झालं

घोड्याच्या खुराच्या तळव्यात काळी, ओलसर घाण साचते. तिचा वास एकदा नखांत शिरला की साबणानं जात नाही. चिंचवडला आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस मी डाव्या हातानं जेवलो. मग कंटाळलो आणि उजव्या हातानं जेवायला लागलो. वास काही गेला नव्हता, मी त्याच्याबरोबर जेवायला शिकलो एवढंच.

मी नगरकडचा. मराठी चौथी झाली त्या साली वडील गेले आणि शाळा सुटली. आमची वस्ती गावाबाहेर. गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं, फाडायचं, हे आजोबांच्या काळापर्यंत आमच्या घराकडं होतं. आम्ही मिशनात जाऊन ख्रिस्ती झालो आणि ते काम सुटलं. आई रोज रात्री प्रार्थनेत न चुकता त्याबद्दल देवाचे आभार मानायची. दोन वेळच्या अन्नाच्याही आधी. चौथीत पहिला आलो म्हणून शाळेनं पवित्र शास्त्राचं जाड पुस्तक बक्षीस दिलं होतं. घरातलं छापील असं तेवढंच.

पंचविशीत, बायको आणि एक मूल मागं ठेवून, मी पिंपरीला आलो. माळावर मोठा कारखाना उभा राहत होता. आमच्या पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली होती : माणूस प्रामाणिक आहे, वाचता येतं. कारखान्यावरच्या साहेबानं चिठ्ठी वाचून खिशात टाकली आणि म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्याला तीन महिने होते. गावी परत जायचं तर तोंड कुठलं दाखवणार? मी चिंचवड स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर दिवसभर बसून राहिलो. तिथं कडुलिंबाखाली एका म्हाताऱ्या नालबंदाचं पत्र्याचं खोपट होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. संध्याकाळी ते म्हणाले, "सकाळपासून बघतोय, तू बसलायस का रुजलायस? ये, ह्या बैलाचं डोकं धर."

तेव्हापासून मी त्यांचा मदतनीस. बदल्यात खोपटातला एक कोपरा आणि दोन वेळची भाकरी. जात त्यांनी विचारली नाही. मीच भीतभीत सांगितली, कारण मागाहून कुणी सांगितलं असतं तर फसवलं असं झालं असतं. चाचा म्हणाले, "बैलाला सांगितलंस का? त्याचं डोकं तू धरतोस." त्या कोपऱ्याचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण रोज उठल्यावर पहिला विचार यायचा तो हाच, की आज काहीतरी चुकेल आणि हा कोपरा जाईल.

चाकणकडचे कांदे-बटाट्याचे गाडीवान बैलांना नाल मारायला यायचे. बैलाला दोरानं पाडावं लागतं, चारी पाय बांधावे लागतात, तो डोळे पांढरे करून शेण टाकतो, आणि आपण त्याच्या मानेवर बसून असतो. घोड्याचं तसं नाही. चाचा त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवायचे, मांडीवरून खाली आणायचे, गुडघ्यामागची जाड शीर बोटांनी हलकी दाबायचे, की तो आपण होऊन पाय उचलून द्यायचा. टांगेवाले म्हणायचे, चाचांना घोडा पाय देतो तसा पोरीचा बापसुद्धा जावयाला पोरीचा हात देत नाही.

पहिल्या मोठ्या लढाईत चाचा घोडदळात नालबंद होते. बोटीनं मिसरला आणि तिथून वर, फिलस्तीनच्या मुलखात. तिथलं मैदान, दोन्हीकडचे डोंगर, मधूनमधून मातीचे मोठे उंचवटे. एकदा पलटणीतल्या साहेबानं त्यांना सांगितलं होतं, हे उंचवटे नाहीत, खाली शहरं आहेत, एकावर एक. चाचांना हे पक्कं लक्षात होतं. माझ्या गठुड्यात ते बक्षिसाचं पुस्तक दिसलं तेव्हा म्हणाले, "तुमच्या किताबात तो मुलूख आहे म्हणतात. आहे का?"

"आहे."

"मग वाच की. मी तिथं तीन वर्षं खूर तासले. कुणाच्या जमिनीवर तासले ते तरी कळू दे."

दुपारी बाराच्या गाडीनंतर तीनपर्यंत अड्डा थंड असायचा. मी वाचायला लागलो. चाचा ऐकायचे, दोन-तीन टांगेवाले चाकाला टेकून ऐकायचे, आणि चाकणच्या बाजूचा एक गाडीवान असला तर तोही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नुसतं बैलाचं डोकं धरणारा मी, माझ्या तोंडाकडं माणसं बघत होती.

पहिली आली यरीहोची गोष्ट. तटबंदीचं शहर, वेशी बंद, आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. देवानं तो मुलूख देऊ केलेले लोक बाहेर वेढा घालून. त्यांची सहा दिवस रोज तटाभोवती एक फेरी, सातव्या दिवशी सात, मग शिंगं आणि आरोळी, आणि तट जागच्या जागी खाली.

गाडीवान म्हणाला, "आवाजानं? आमच्या चाकणचा भुईकोट बगा. नुस्ता मातीचा, भोवती खंदक. बादशाची फौज आली, तोफा आल्या, तरी मुठभर मान्सांनी दोन म्हैने दम काढला. आन् ह्यांचा शिंगानं पडला?"

"तुमचा कोट पडला तो पडलाच ना शेवटी?" एक टांगेवाला म्हणाला.

"सुरुंग लावला तवा. शिंग न्हाई फुकलं."

हसले सगळे. मीही हसलो आणि पुढं वाचलं. पुढं आहे ते मी शाळेत वाचलेलं होतं, पण शाळेत आम्हांला तट पडेपर्यंतच विचारायचे. आत शिरल्यावर त्यांनी पुरुष मारले, बाया मारल्या, तरणे, म्हातारे, मग बैल, मेंढरं, गाढवंसुद्धा. मी ते लिंबाखाली मोठ्यानं वाचत होतो आणि जीभ जड होत होती. पिंपरीच्या कॅम्पातली निर्वासित माणसं रोज आमच्या समोरून डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन विकायला जायची. फाळणीत सगळं गाव मागं टाकून आलेली. त्यातली एक बाई नेमकी त्याच वेळी रस्त्यानं चालली होती. आणि हा टांगेवाला म्हणतो, "वा! पुढं?" मला त्याची किळस आली. मग माझी आली, कारण मी पुढं वाचलं.

नंतर रथ आले. खोऱ्यातल्या राजांजवळ लोखंडी रथ होते, म्हणून ह्या पायी लोकांना डोंगर तेवढा घेता आला, मैदान घेता आलं नाही.

"लोखंडी?" चाचांनी मान हलवली. "आख्खा लोखंडी रथ ओढायला हत्ती लागेल. चाकाला वरून लोखंडी धाव बसवलेली असेल, कण्याला पट्ट्या असतील. बाकी लाकूड. हलका पाहिजे, नाहीतर वळणार कसा?"

"म्हंजे आमचा टांगाच की, राव," टांगेवाला म्हणाला. "दोन चाकं, एक हाकणारा, एक बसणारा."

"फरक एवढाच, की बसणारा भाला मारतो. तुझा बसणारा आण्यासाठी भांडतो."

चाचांनी काठीनं मातीत रेघा ओढून दाखवलं. हे डोंगर, हे मैदान. मैदानात काळी माती, आपल्या सोलापूरकडं असते तशी. कोरडी असली तर रथ वाऱ्यासारखा. पाऊस पडला की चाक आसापर्यंत आत. आणि डोंगरात दगड, तिथं चाकाचं काय काम? म्हणून रथवाला खाली आणि पायी माणूस वर, आणि वर्षानुवर्षं एकमेकांकडं नुसतं बघत बसलेले. "आपल्या मावळात कुणी रथ आणला असता तर?" ते म्हणाले. "घाटात चाकं खांद्यावर घेऊन चढला असता." असं समजावून चौथीत कुणी सांगितलं असतं तर मी शाळा सोडली नसती, असं तेव्हा वाटलं. सोडावी लागलीच असती, तो भाग वेगळा.

मग ती लढाई आली. उत्तरेकडचे सगळे राजे एकत्र होतात, पाण्याकाठी तळ देतात, घोडे आणि रथ एवढे की मोजदाद नाही. आणि हे पायी लोक त्यांच्यावर अचानक जाऊन पडतात. घोडे जुंपायलासुद्धा सवड मिळाली नसेल, चाचा म्हणाले. सोडलेला घोडा जुंपायला वेळ लागतो, शंभर घोड्यांत तर एकमेकांच्या दोरात अडकतात. मी वाचत गेलो. जिंकले. पाठलाग केला. आणि डोळा पुढच्या ओळीवर गेला, आणि मी थांबलो.

तिथं लिहिलं होतं, की देवाच्या सांगण्याप्रमाणं त्यांनी घोड्यांच्या मागच्या पायांच्या शिरा तोडल्या आणि रथ जाळले.

कुठली शीर ते मला कुणी सांगायला नको होतं. सकाळीच मी चाचांचा हात तिच्यावर बघितला होता. शीर तुटलेला घोडा मरत नाही. मागचं धड टाकून पुढच्या दोन पायांवर ओढत राहतो, आणि असे हजारो, त्या पाण्याकाठी. आजोबांनी मेलेलं ओढलं म्हणून गाव आमच्या सावलीला विटाळ मानायचं. त्यातून सुटलो म्हणून आई रोज आभार मानायची. आणि ज्या पुस्तकावर हात ठेवून मानायची, त्यात जित्या जनावरांचे पाय तोडायचा हुकूम, आणि तो पाळला म्हणून शाबासकी.

"का थांबलास?" चाचा म्हणाले. "घोड्यांचं पुढं काय झालं?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं नसतं. राजाचं काय झालं, शहराचं काय झालं, असं विचारतात. मला एकच दिसलं : हे खरं वाचलं तर चाचा म्हणतील, असला देव आणि असली माणसं ज्याची, त्याचं अंथरूण माझ्या खोपटात नको.

मी पुस्तकावर बोट ठेवून म्हणालो, "घोडे घरी नेले. शेताला लावले."

"सगळे?"

"सगळे."

चाचांनी पुस्तकावरच्या माझ्या बोटाकडं बघितलं. मग म्हणाले, "चांगलं केलं," आणि उठून उगाच ऐरण पुसायला लागले.

त्यानंतर महिनाभर मी ती गोष्ट रोज ऐकली, चाचांच्या तोंडून. नाल मारायला देहूचा माणूस येवो की निघोज्याचा, घोड्याचा पाय मांडीत घेऊन चाचा सुरू : "त्या मुलखात, बरं का, जुन्या जमान्यात एक फौज होती. जिंकली, आणि दुश्मनाचे घोडे घरी घेऊन गेली. एकाला मारलं नाही. किताबात लिहिलंय, हा वाचतो." आणि माझ्याकडं हनुवटी. मी खिळ्यांचा डबा चाळत बसायचो. सांगताना ते खुश होत नव्हते, हे मला दिसत होतं. सांगून झालं की दिवसभर कमी बोलायचे, भाकरी अर्धी ठेवायचे. मी ते वयावर घातलं. माझं खोटं पचलं, यातच मला समाधान होतं. आज लिहितानाही तोंड कडू होतं.

मग पाळकसाहेब आले. पुण्याला सभेला आले होते, कारखान्यातल्या साहेबाला पुन्हा भेटून माझं काम पक्कं करावं म्हणून मुद्दाम चिंचवडला उतरले. माझ्यासाठी कोण एवढं करतं? मी धावत जाऊन त्यांची पिशवी घेतली, खोपटाशी खाट टाकली. चाचा एका पांढऱ्या घोडीचा मागचा पाय मांडीवर घेऊन होते. त्यांनी अदबीनं सलाम केला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या माणसानं आम्हांला तुमच्या किताबातली लई चांगली गोष्ट सांगितली. घोडे घरी नेल्याची."

"कुठली?" पाळकसाहेब म्हणाले.

चाचांनी सांगितली. पाण्याकाठची लढाई, राजे, रथ.

"नाही, नाही," पाळकसाहेब हसले. शाळेत चुकलेल्या मुलाला हसतात तसे, प्रेमानं. "काहीतरी गल्लत झालीय. घोड्यांच्या शिरा तोडल्या त्यांनी. रथ जाळले. त्यात मोठा अर्थ आहे. माणसानं घोड्यावर आणि रथावर भरवसा ठेवू नये, देवावर ठेवावा. म्हणून तसं करायला सांगितलं." आणि खाटेवर बसून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

ते भले गृहस्थ होते. त्यांच्यामुळं मला नोकरी लागली, माझं घर उभं राहिलं. पण त्या क्षणी त्यांच्या मिशीला लागलेला चहा बघून मला जी शिसारी आली, तिच्याबद्दल मी त्यांची मनातसुद्धा माफी मागितलेली नाही.

चाचांनी घोडीचा पाय सावकाश खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. पाळकसाहेब कारखान्याकडं गेल्यावर म्हणाले, "किताब आण. ती जागा काढ."

टांगेवाले होते, चाकणचा गाडीवान होता.

"वाच. आहे तसं."

मी वाचलं. टांगेवाला "शी!" म्हणाला आणि बाजूला थुंकला. मग माझ्यावर उलटला : "आन् तू शेताला लावले म्हनत व्हतास? माझ्या घोडीचा पाय पुन्हा धरू नकोस."

"तू गप," चाचा त्याला म्हणाले. मग मला, "खोटं का बोललास?"

"तुम्हांला सोसणार नाही असं वाटलं."

"मला?" ते म्हणाले. "तू वाचलंस. मी केलंय."

आणि मग त्यांनी सांगितलं. लढाई संपली, बोटीत घोड्यांना जागा नव्हती. चांगले पलटणीत राहिले, काही तिथल्या बाजारात गेले, आणि म्हातारे, लंगडे, त्यांना गोळी घालायचा हुकूम आला. गोळीच्या आधी शेपटीचे आणि आयाळीचे केस कापून घ्यायचे, कारण केसांना भाव. आणि नाल काढून घ्यायचे, कारण लोखंड सरकारचं.

"नाल मी काढले," चाचा म्हणाले. "दोन दिवस. रोजच्यासारखा हात खाली आणला की पाय द्यायचे. त्यांना वाटायचं, नवा नाल मारतोय. एकसुद्धा आडवा आला नाही. एखादा आडवा आला असता तर बरं झालं असतं."

गाडीवानानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच.

"तीस-पस्तीस वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. त्या दिवशी तुला विचारलं ते एवढ्यासाठी, की त्या मातीत आधीच्या माणसांनी काय केलं असेल ते कळावं. आणि तू सांगितलंस, घरी नेले. महिनाभर मला झोप नाही. मला वाटायचं, हजारो वर्षांत त्या मुलखात घोड्याशी असं हरामीपण करणारे आम्हीच पहिले." ते उठले. "मला सोसणार नाही म्हणून तू खोटं बोललास. आणि ते खोटंच मला सोसवत नव्हतं."

त्यांनी मला हाकललं नाही. ज्याची मला रात्रंदिवस भीती होती ते झालंच नाही. भाकरी तशीच, कोपरा तसाच. पण चार दिवसांनी पोस्टमन त्यांच्या मुलीचं कार्ड घेऊन आला. ती बार्शीकडं दिलेली, तिची कार्डं मीच वाचून दाखवायचो. चाचांनी कार्ड घेतलं, माझ्यासमोरून चालत स्टेशनात गेले आणि बुकिंगच्या बाबूकडून वाचून घेतलं. पुढचंही. त्याच्या पुढचंही. खोपटातून मला दिसायचं, खिडकीपाशी म्हातारा माणूस टोपी हातात घेऊन उभा, आणि आत बाबू तिकिटं देतादेता अर्धं वाचतोय, अर्धं खातोय. तो पान चघळत वाचायचा. कार्डावर लाल ठिपके पडायचे. मला त्या बाबूचा संताप यायचा, पण बाबू वाचायचा ते खरं वाचायचा.

पावसाळा सरता सरता एक कार्ड आलं त्याचा एक कोपरा फाडलेला होता. असं कार्ड मरणाची खबर आणतं, ते न वाचताही कळतं. चाचा ते घेऊन स्टेशनात गेले आणि लगेच परत आले. बाबूनं कोपरा बघितला आणि म्हणाला, हे घरच्या माणसाकडून वाचून घ्या.

ते माझ्यासमोर उभे राहिले. टांगेवाले हळूहळू जवळ आले. बार्शीला मुलगी होती, तिची दोन लहान मुलं होती, जावई होता, व्याही होता. चाचांनी कार्ड पुढं केलं.

जावयाचं अक्षर. मी आधी मनात वाचलं, आणि चाचा म्हणाले, "मनात नको."

"तुमची मुलगी," मी वाचलं, "गेल्या सोमवारी तापानं वारली. माती त्याच दिवशी केली."

खाली अजून एक ओळ होती. ती वाचली नसती तर कुणाला कळलं नसतं. बाबूनंसुद्धा कार्ड वाचलं नव्हतं. एवढं ऐकलेल्या माणसाला ती ओळ ऐकवायची म्हणजे पडलेल्याला लाथ मारणं. पण चाचा माझ्या डोळ्यांकडं बघत होते, कार्डाकडं नाही, आणि माझे डोळे कुठं थांबलेत ते त्यांना कळत होतं.

"मुलांना बघायला कुणी नाही, म्हणून पुढच्या महिन्यात दुसरं लग्न ठरवलं आहे. तुमची हरकत नसावी."

"परत वाच."

मी परत वाचलं, दोन्ही.

"तसंच लिहिलंय?"

"तसंच लिहिलंय, चाचा."

ते जमिनीवर बसले. टांगेवाल्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला, तो त्यांनी नुसता हातात धरला. जावयाला त्यांनी एकच शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. मग तांब्या खाली ठेवून म्हणाले, "कोरं कार्ड घेऊन ये."

मी पोस्टातून कार्ड आणलं, गुडघ्यावर पुस्तक घेतलं, त्यावर कार्ड ठेवलं. चाचा सांगायला लागले.

"लिही. हरकत आहे. मुलांना इथं माझ्याकडं आणून सोड, मग काय करायचं ते कर." माझ्या हाताकडं बघितलं. "लिहिलंस? आता वाचून दाखव."